ख्रिस्ती समाजाने राज्यसत्तेकडे काय मागावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



ख्रिस्ती लोकांनी राजकारणात आपला प्रभाव निर्माण करावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा भलत्याच हेतूने विचारला जातो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात ख्रिस्ती समाज सुमारे २.३ टक्के आहे. एवढ्या समाजालाही गप्प बसवावे, अशी इच्छा असलेले लोक हा प्रश्न विचारतात. दुसरे लोक निवडणुकीच्या आधी बिशपांच्या वाड्यावर मोटारी पाठवितात, आणि त्यांना हा प्रश्न पडतच नाही. समाजवादी कार्यकर्त्याला या दोन्ही वाटा वर्ज्य आहेत. ख्रिस्ती माणूस नागरिक आहे; मत देणे, संप करणे, उमेदवार होणे, मंत्री होणे हा त्याचा हक्क आहे आणि तो कोणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. येथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो चर्च ही संस्था आपल्या शाळा, आपली मालमत्ता आणि आपले व्यासपीठ यांच्या बळावर सरकारला वाकवू लागते तेव्हा. याचा विचार केरळच्या अनुभवावरून केलेला बरा. तेथे हा प्रश्न रस्त्यावर लढला गेला. आणि त्या लढाईत समाजवादी मंडळी केवळ प्रेक्षक नव्हती.

१९५७ च्या एप्रिलमध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. शिक्षणमंत्री होते जोसेफ मुंडश्शेरी. मल्याळम साहित्याचे मोठे समीक्षक, त्रिचूरच्या सेंट थॉमस महाविद्यालयात अध्यापन केलेले, आणि जन्माने कॅथलिक. त्यांनी आणलेल्या शिक्षण विधेयकात क्रांती म्हणावी असे फार थोडे होते. शिक्षकांना पगार सरकार देणार असेल तर तो व्यवस्थापनाच्या हातून न जाता थेट शिक्षकाच्या हाती पडावा. शिक्षकांची नेमणूक लोकसेवा आयोगाने निवडलेल्या यादीतून व्हावी. कारभार बिघडलेली शाळा सरकारला ताब्यात घेता यावी. सही एका रकमेवर आणि हाती दुसरीच रक्कम, ही त्या काळच्या खासगी शाळांतील शिक्षकांची रड कोणाला माहीत नव्हती असे नाही. पण राज्यातील खासगी शाळांचा फार मोठा भाग चर्चच्या हाती होता, आणि नायर सर्व्हिस सोसायटीचेही हितसंबंध शाळांत गुंतलेले होते. विधेयक राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठविले. मे १९५८ मध्ये न्यायालयाने मत दिले. त्यात अल्पसंख्याकांच्या शाळा ताब्यात घेण्याच्या कलमांना बाध आला, परंतु अनुदान घेणाऱ्या शाळेवर सरकारने वाजवी अटी घालू नयेत, असे न्यायालय म्हणाले नाही. विधेयकात दुरुस्ती झाली, संमतीही मिळाली. कायद्याने सोडवायचा होता तेवढा प्रश्न कायद्याच्या मार्गाने बव्हंशी सुटला होता.

तरीही जून १९५९ मध्ये 'विमोचन समरम्' पेटले. मन्नत्तु पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी, कॅथलिक चर्च, मुस्लिम लीग, काँग्रेस आणि प्रजा समाजवादी पक्ष एका बाजूला आले. शाळा बंद पडल्या, चर्चच्या घंटा मोर्च्यासाठी वाजू लागल्या. त्याच महिन्यात विधानसभेने शेतजमिनीच्या संबंधांविषयीचे विधेयक मंजूर केले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. धर्म संकटात आहे असे सांगणाऱ्यांच्या गर्दीत ज्यांची जमीन संकटात होती असेही बरेच लोक होते. १३ जूनला अंगमालीला पोलिसांनी गोळीबार केला आणि सात माणसे ठार झाली. ३१ जुलैला केंद्राने मंत्रिमंडळ बरखास्त केले.

प्रजा समाजवादी पक्षाच्या बाजूने बोलण्यासारखे काही नव्हते असे नाही. निःशस्त्र जमावावर गोळी चालविणारे सरकार कोणाचेही असो, त्याला जाब विचारलाच पाहिजे, हा दंडक समाजवाद्यांनी स्वतःच्या सरकारलाही लावून पाहिला होता. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांचे प्रजा समाजवादी मंत्रिमंडळ असताना गोळीबार झाला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला होता आणि त्या वादातून पुढे पक्ष फुटला. तेव्हा अंगमालीबद्दल संताप व्यक्त करण्याचा अधिकार या मंडळींना होता. कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांची गावोगावची दांडगाई हीही सगळी काल्पनिक नव्हती. परंतु अन्यायाविरुद्ध उभे राहणे वेगळे, आणि शाळामालकांच्या मागणीला लोकशाहीची शाल पांघरणे वेगळे. फेब्रुवारी १९६० च्या निवडणुकीत या आघाडीला बहुमत मिळाले आणि तेच पट्टम थाणू पिळ्ळै मुख्यमंत्री झाले. मग त्या सरकारने काय केले? शिक्षकांची निवड लोकसेवा आयोगामार्फत करण्याचे कलम बदलून टाकले. पगार सरकारी तिजोरीतून आणि नेमणूक व्यवस्थापनाच्या मर्जीने, ही केरळमधील अनुदानित शाळांची रीत तेव्हापासून रुजली ती आजतागायत. नोकरीसाठी 'देणगी' मोजावी लागते ही तक्रार तेथे सर्व धर्मांच्या तरुणांच्या तोंडी असते. समाजवादी मुख्यमंत्र्याच्या कारकीर्दीत हे घडावे, याहून कडू गोष्ट शोधून सापडणार नाही.

चर्चच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. अल्पसंख्याकाला स्वतःची शाळा चालविता आली नाही तर बहुसंख्याकांच्या लाटेत तो बुडेल, असे चर्च म्हणते. घटनेच्या ३० व्या कलमामागे हीच भीती आहे आणि ती खोटी नाही. पण हे कलम कोणत्या सौद्यातून आलेले नाही. १९३१ च्या गोलमेज परिषदेत ख्रिस्ती प्रतिनिधींमध्येच फूट होती. पन्नीरसेल्वम यांनी स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूने अल्पसंख्याकांच्या करारावर सही केली, तर एस. के. दत्त त्याच्या विरोधात राहिले. पुढे घटना समितीत हरेंद्रकुमार मुखर्जी, फादर जेरोम डिसोझा यांच्यासारख्या ख्रिस्ती सभासदांनी राखीव जागांचा आग्रह सोडला. देशावर टाकलेला तो विश्वास होता. त्या विश्वासाच्या बदल्यात मिळालेला हक्क शिक्षकाचा पगार दाबून धरण्यासाठी वापरला जाऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

केरळमधलीच आणखी एक गोष्ट. १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे बाप मृत्युपत्र न करता वारला तर मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा लागू नसल्याचा निर्णय देऊन मुलींना समान वाटा दिला. आनंदाच्या घंटा वाजल्या नाहीत. उलट निकालाचा मागील काळावर होणारा परिणाम कायद्याने पुसून टाकावा, अशी खटपट सुरू झाली. ती तडीस गेली नाही हे बरे झाले. बहिणीचा वाटा वाचविण्यासाठी धर्मगुरूंनी मंत्र्यांकडे खेटे घातले असते तर 'चर्चने राजकारण करू नये' असे म्हणायला कोणाची जीभ वळली असती?

तसे राजकारण केलेली माणसेही त्याच चर्चमध्ये, त्याच किनाऱ्यावर होती. ट्रॉलर पावसाळ्यात, म्हणजे माशांच्या विणीच्या काळात, समुद्राचा तळ खरवडून काढीत आणि होडीवाल्या मच्छिमाराच्या जाळ्यात काही उरत नसे. फादर थॉमस कोचेरी, त्यांच्यासारखे इतर धर्मगुरू आणि जोगिणी १९८० च्या दशकात या मच्छिमारांबरोबर उपोषणाला बसल्या, तुरुंगात गेल्या. वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. संघटना आरंभी लॅटिन कॅथलिक मच्छिमारांची होती. १९८० च्या सुमारास तिच्या नावातून 'लॅटिन कॅथलिक' हे शब्द गळाले, कारण समुद्रावर हिंदू आणि मुसलमान मच्छिमारही तेवढेच उपाशी होते. १९८८ मध्ये केरळ सरकारने पावसाळ्यातील ट्रॉलिंगवर बंदी घातली. गोव्यात माथानी साल्ढाणा यांनी रापणकारांची चळवळ उभी केली तीही याच प्रश्नावर. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरवा पट्टा आणि पाणी वाचविण्यासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या सभेत सामवेदी ब्राह्मण, कोळी, आगरी आणि वाडवळ शेतकरी एकाच सतरंजीवर बसत. सरकारवर दबाव येथेही होताच, आणि भरपूर होता. चर्चच्या मालमत्तेची त्यात एक पैही नव्हती.

आता पक्षापुढे एक मागणी अशी आहे की तिच्याविषयी गुळमुळीत बोलून चालणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने पुन्हा एक आयोग नेमला. या मागणीसाठी चर्च सरकारकडे जाते तेव्हा समाजवादी कार्यकर्त्याने मोर्च्यात पुढे चालावे, कारण जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही हे आंबेडकरांच्या महाराष्ट्राला सांगावे लागू नये. मात्र त्याच कार्यकर्त्याने मोर्चा संपल्यावर धर्मगुरूंना तमिळनाडूतील त्या दफनभूमींविषयीही विचारावे, जेथे सवर्ण ख्रिस्ती आणि दलित ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी केलेली आहे. ती भिंत पाडायला कोणत्याही आयोगाची, न्यायालयाची किंवा मंत्रिमंडळाची परवानगी लागत नाही.