यंत्राचा कौल आणि माणसाची जबाबदारी



शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घ्यावी, अशी सूचना आपल्या तरुण सभासदांनी मांडली आहे. सूचना स्वागतार्ह आहे. परंतु होकार देण्यापूर्वी निरनिराळ्या सरकारांनी या बाबतीत काय केले, हे पाहणे इष्ट होय.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या सरकारी साहाय्यातील लबाडी हुडकण्यासाठी कर खात्याने संगणकीय गणिताचा आधार घेतला. अर्जदार त्या देशाचा नागरिक आहे की परका, हाही त्या गणितातील एक घटक होता. हजारो निरपराध आईबापांवर ठपका आला, घेतलेले पैसे परत करण्याचा तगादा लागला आणि संसार कर्जात बुडाले. संशय कशावरून आला, हे त्यांना कोणी सांगेना. अखेर जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. यंत्राने बोट दाखविले आणि माणसांनी शहानिशा न करता शिक्षा केली.

कॅनडा सरकारने २०१९ पासून आपल्या खात्यांना असा दंडक घातला आहे की, यंत्राच्या निर्णयाचा माणसावर किती परिणाम होईल हे आधी चार पायऱ्यांवर मोजावे; वरच्या पायऱ्यांवर अंतिम निर्णय माणसानेच द्यावा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने सरकारी साहाय्याची पात्रता ठरविणारी यंत्रणा अधिक जोखमीची मानली आहे. आपल्या भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र कायद्याऐवजी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील सात सूत्रांत विश्वास, मानवहित, समन्याय आणि उत्तरदायित्व यांना स्थान आहे. शिवाय व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच.

आपला निधी लहान आहे; पण अर्जात घरची मिळकत, आजारपण, वडिलांचे छत्र हरपल्याची हकीकत लिहिलेली असते. यंत्र जुन्या याद्यांवरून शिकते. त्या याद्यांत मुलींची नावे थोडी असतील, तर तोच नियम समजून ते चालेल.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: माहिती संमतीने घ्यावी, यंत्राने बेरजा कराव्यात आणि अर्ज लावून द्यावेत, परंतु नकार द्यायचा तर विश्वस्ताने स्वतः अर्ज वाचून, कारण लिहून, आपल्या सहीने द्यावा. मदत मागायला आलेल्या मुलाला ‘का नाही?’ असे विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे.