अठरा तासांचा अभ्यास आणि पासष्टावे वर्ष
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





समितीने आम्हाला विषय दिला आहे 'पन्नाशीनंतरचे आरोग्य'. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला, हे सांगतील असे तुम्हाला वाटले असेल. ते खरेच आहे, पण ते डॉक्टर सांगतात आणि आपण ऐकत नाही, तेव्हा आम्ही सांगून काय मोठा फरक पडणार? आम्हाला त्याच्या मागचे बोलायचे आहे. माणसाचा स्वभाव, त्याच्या मनावरचा ताण आणि समाज त्याला देतो ती वागणूक, या तीन गोष्टी त्याच्या अंगात कशा उतरतात आणि चाळिशी-पन्नाशीत त्याची वसुली कशी होते, ते बोलायचे आहे. आणि त्यासाठी दाखला बाबासाहेबांचाच घ्यायचा आहे.

आपण घराघरात मुलांना सांगतो, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. सांगावेच. पण त्या अठरा तासांची किंमत त्यांच्या शरीराने कशी मोजली, हे आपण कधीच सांगत नाही.

सुरुवात आपल्याच साताऱ्यात झाली. १८९६ साली आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या, तेव्हा भीमराव पाच वर्षांचे होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. वर्गात वेगळे गोणपाट, आणि शिपाई असेल तरच पाणी. १९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांकडे जाण्यासाठी ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर कॅशियर होते. न्यायला कोणी आलेले नाही. जात कळल्यावर दुप्पट पैसे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. पोरांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. बरोबरच्या डब्यात अन्न भरपूर, पण रात्रभर पाणी कुणी दिले नाही. तशीच उपाशी निजली. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आता बघा, अशा रात्री पोराच्या अंगात काय होते? धोका दिसला की शरीर तयारीत उभे राहते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, यकृत साखर रक्तात सोडते. वाघ मागे लागला तर हे उपयोगाचेच आहे. वाघ गेला की सगळे खाली येते. पण ज्याचा वाघ शाळेत, स्टेशनवर, पुढे कचेरीत, रोज समोर बसलेला असतो, त्याचे शरीर खाली यायचे कधी? वर्षानुवर्षे ही तयारी चालू राहिली की रक्तवाहिन्या कडक होतात, साखर वाढते, झोप तुटते. विशीत हे जाणवत नाही, पंचेचाळिशीत जाणवते.

बाबासाहेबांच्या वाट्याला पुढे काय काय आले, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाच मुलांपैकी चार गेली. १९२६ साली राजरत्न गेला. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. आणि काम तर थांबतच नव्हते. पन्नाशीनंतर मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या असह्य वेदना मागे लागल्या. घटना लिहिण्याची वर्षे हीच. मसुदा समितीत माणसे सात, पण एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, बाकीचे आपापल्या व्यापात. शेवटी भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतच सांगितले. आपण हे अभिमानाने सांगतो. पण पायाच्या वेदनेने ज्याला रात्र रात्र झोप नाही अशा माणसावर हा भार होता, हे सांगताना आपला आवाज जरा खाली यायला हवा. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना लिहिले की प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, तेव्हा हिंदू कोड बिल आधी घ्यावे. बिल रखडले, त्यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा, नोव्हेंबरात काठमांडू, आणि ६ डिसेंबरला ते गेले. वय ६५. मधुमेह नुसत्या ताणाने होतो असे आम्ही म्हणत नाही. एका आजाराला दहा कारणे असतात. पण त्या दहांत ही कारणे होती, हे नाकारता येत नाही.

लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. सगळे पगारदार, कुणी उपाशी नाही. तरीही सर्वांत खालच्या दर्जाच्या नोकरांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. विडी-सिगारेटचा हिशेब वजा केला तरी फरक मिटला नाही. ज्याला हुकूम सोसावा लागतो आणि स्वतःच्या कामावर ज्याची सत्ता नाही, त्याचे हृदय आधी थकते. आपल्या देशातील नऊ राज्यांच्या पाहणीवरून २०२२ साली असा अभ्यास प्रसिद्ध झाला की दलितांचे अपेक्षित आयुष्य उच्चवर्णीयांपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी आहे. गरिबीचा भाग वजा करूनही अंतर पूर्ण भरून येत नाही. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता. पण म्हणून आपण निश्चिंत बसावे का?

आता स्वभावाकडे येतो. हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत शर्मन जेम्स नावाच्या संशोधकांना १९७८ साली जॉन हेन्री मार्टिन हे काळे शेतकरी भेटले. जन्म १९०७ चा, वाट्याने जमीन कसणाऱ्या घरातला. लिहायला-वाचायला स्वतःच शिकले, जमीन घेतली आणि चाळीस वर्षांत फेडायचे कर्ज पाच वर्षांत फेडले. आणि पन्नाशीत रक्तदाब, सांधेदुखी आणि पोटात अल्सर. जेम्स यांनी पुढे अनेक लोकांचा अभ्यास केला. अडथळा आला की दुप्पट जोर लावायचा, हा स्वभाव हाताशी साधने असलेल्या माणसाला फारसा बाधत नाही. पण शिक्षण-पैशाचे पाठबळ नसताना तोच स्वभाव रक्तदाब वाढवतो, असे त्यांना दिसले.

हे वाचल्यावर आमच्या डोळ्यांपुढे आपली आळी उभी राहिली. घरातला पहिला मॅट्रिक, पहिला गुरुजी, एसटीतला पहिला कंडक्टर, साखर कारखान्यातला पहिला कायम झालेला कामगार. 'आपल्याला चूक परवडत नाही' म्हणून दुप्पट काम करणारा. भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, घराचा हप्ता, मग मुलांचे कॉलेज. रजा नाही, तक्रार नाही. वरिष्ठ टोचून बोलला तर गिळायचे, आणि घरी आल्यावर जेवणावर राग काढायचा. चाळिशीत चक्कर येते, तेव्हा 'पित्त झालंय' म्हणायचे. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव जवळ, कर्नाटकातून लोक तिथे उपचाराला येतात, आणि आपला माणूस अर्धे अंग गेल्यावरच तिथे पोहोचतो!

बायकांचे तर विचारूच नका. सगळ्यांत शेवटी जेवायचे, उरलेले खायचे, दुखणे अंगावर काढायचे. सुनेने 'आत्या, डॉक्टरकडं चला' म्हटले तर 'मला काय धाड भरलीया?' पाळी जाण्याच्या वयात झोप उडते, अंगाची आग होते, जीव घाबरतो. त्याची गोष्ट नवऱ्याशी नाही, मुलाशी नाही, कुणाशीच नाही.

आणि दारू. पंचशील घेताना पाचवे शील म्हणायचे आणि संध्याकाळी 'टेन्शन'च्या नावाने बाटली उघडायची, हे आपल्यात आहे, लपवण्यात अर्थ नाही. ताण खरा असतो, पण दारू त्यावर रक्तदाब चढवते आणि झोप आणखी बिघडवते. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. ज्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, तो केवढा माणूस! १९६९ साली हलाखीत गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. अशा माणसाला समाजाने सांभाळले नाही, याचा सल आम्हाला आजही आहे.

मग काय, जिद्द सोडायची? मुळीच नाही. जिद्द सोडली असती तर आज हा विहार उभा नसता. काहीजण म्हणतात, ध्यान करा, ताण जाईल. ध्यानाचा उपयोग आहे. पहिला बाण लागल्यावर आपणच दुसरा बाण मारून घेऊ नये, असे भगवंतांनी सांगितले आहे. अपमान हा पहिला बाण, रात्रभर तो उगाळत बसणे हा दुसरा. दुसरा आपल्याला टाळता येतो. पण पहिला बाण मारणाऱ्याला मोकळे सोडून जखमी माणसालाच 'शांत राहा' सांगणे हा धम्म नव्हे.

बाबासाहेबांचे अठरा तास आपण उचलले, त्यांचा १९४८ चा निर्णय मात्र उचलला नाही. औषध आणि पथ्य पाहणारे कायमचे माणूस हवे, हा डॉक्टरांचा सल्ला त्यांनी मानला. ५७ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिल १९४८ रोजी, डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांनी विवाह केला. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, त्यात आम्ही शिरत नाही. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या उपचारांचे ऋण मोकळेपणाने मांडले आहे. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच गेली नाही. एवढा मोठा माणूस 'मला कुणीतरी सांभाळायला हवे' असे म्हणू शकतो, तर आपल्याला लाज कसली?

भगवंतांच्या काळात एक भिक्खू हगवणीने घाणीत पडून होता. बाकीचे म्हणाले, तो आमच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही त्याच्याकडे पाहत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः त्याला धुतले, आणि ज्यांना माझी सेवा करायची आहे त्यांनी आजाऱ्याची करावी असे संघाला बजावले. आज मुले पुण्या-मुंबईला आहेत आणि आळीत म्हातारी माणसे एकेकटी राहतात. एकटेपणाही आजारच आणतो. अमेरिकेत १९३८ पासून चालू असलेल्या एका अभ्यासात पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, तेच ऐंशीत अधिक धडधाकट दिसले.

म्हणून समितीपुढे आमची मागणी साधी आहे. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर तिथल्या ताईंना विहारात बोलवावे. एक वही ठेवावी. आणि वंदनेला नेहमी येणारे जे माणूस त्या दिवशी आले नाही, त्याच्या घरी दोघांनी संध्याकाळी चहाला जावे. आजार विचारायला म्हणून नको, नुसते चहाला.

नमो बुद्धाय! जय भीम!