ढोरांचा डॉक्टर बदलतांना

आपल्या चिखली-मेहकराकडे ऐन हंगामांत बैल बसला कीं शेत थांबतें. दोन दिवसांत उतार पडला नाहीं तर दुसरा डॉक्टर गांठावासा वाटतो, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. गैर आहे तें पहिल्याचें औषध दुसऱ्यापासून लपविणें.

२०२२ सालीं लंपीच्या साथींत बुलढाणा जिल्ह्यांत पुष्कळ गुरें दगावलीं. या रोगाच्या विषाणूला मारणारें खात्रीचें औषध नाहीं. ताप उतरविणें, जखमा चिघळूं न देणें, चारापाणी संभाळणें एवढेंच डॉक्टरच्या हातीं. गांठी जिरावयास आठवडे लागतात. तीन दिवसांत तीन डॉक्टर फिरविले तरी गांठी तशाच. तापाचें तेंच इंजेक्शन मात्र तीनदां टोंचलें जातें, आणि तें मूत्रपिंडास बाधतें.

पण जो ताप मोजीत नाहीं, औषधाचें नांव विचारलें तर रागावतो, त्याला खुशाल सोडावें. नव्याची पशुवैद्यक परिषदेंत नोंद आहे काय तें पाहावें. १९८४ चा कायदा ती मागतो. जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या बाटल्यासुद्धां, बरोबर न्याव्या. आणि जुन्या डॉक्टरलाहि मोकळेपणानें सांगावें. रात्रीं गाय अडली तर जवळ तोच असावयाचा.