सुरी आणि निखारा

कोरियात निखारे थेट जेवणाच्या मेजावर येतात. परंतु निम्मी पाककला खाटकाच्या सुरीतच असते. ‘सामग्योप्साल’, म्हणजे डुकराच्या पोटाचे तिपदरी मांस, स्वतःच्याच चरबीत खरपूस होते. ते मुरविण्याची गरज नाही. ‘बुलगोगी’चे पातळ काप मात्र सोयासॉस, साखर व लसूण यांत मुरवितात.

‘गाल्बी’ म्हणजे बरगडी. परंपरेने एकेका हाडाला धरून तिचे मांस पट्टीसारखे उलगडतात. अमेरिकेत गेलेल्या कोरियन कुटुंबांना तेथील खाटकाकडे आडवा काप मिळाला, प्रत्येकात हाडाच्या तीन-चार चकत्या, असे सांगतात. (परमुलखात खाटकाशी हुज्जत घातलेल्या आपल्या भगिनींना अधिक सांगावयास नको!) त्या कुटुंबांनी तोच मुरविला, भाजला. आज खुद्द सोलमध्ये तो लॉस एंजेलिसच्या नावाने, ‘एल. ए. गाल्बी’ म्हणून विकला जातो.