जुनी वॅगन आणि घरची दुरुस्ती

(26 जानेवारी 2026 रोजी सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



समितीने मला सांगितलं, "काका, तुम्ही गाडीवर बोला." मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, सोसायटीचे हिशेब सहा वर्षं पाहिले, पण माझ्याकडून ऐकायचं काय, तर गाडी! यात थोडा चिमटा आहे हे मला कळतं. दोन वार्षिक सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'पार्किंगमधील जुनी वाहने' असा विषय होता. त्या अनेकवचनात वाहन एकच होतं, ते कोणाचं हेही सगळ्यांना माहीत होतं.

नवीन आलेल्या मंडळींसाठी सांगतो. ती लांबुडकी गाडी ॲम्ब्युलन्स नाही. ती टाटा इस्टेट आहे, म्हणजे स्टेशन वॅगन. हे नाव अमेरिकेतलं. रेल्वे स्टेशनवर उतरलेली माणसं आणि त्यांच्या ट्रंका एकाच गाडीत घालून घरी न्यायच्या, म्हणून स्टेशनची वॅगन. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावात ती असणं तसं बरोबरच आहे म्हणायचं. पुण्याच्या टेल्कोने आधी पिकअप काढली, 1991 साली सिएरा काढली आणि 1992 मध्ये ही इस्टेट. लोकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विकत घेतली नाही. आपल्याकडे डिकी वेगळी दिसल्याशिवाय गाडी पूर्ण वाटत नाही. पुढे 1994 मध्ये सुमो आली. तिचं नाव सुमंत मूळगावकरांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं आहे, जपानी पैलवानांवरून नाही, हे मुलांनी लक्षात ठेवावं. सुमो खेडोपाडी धावली आणि तिच्यामुळेच माझी गाडी आजवर जगली, कारण 1948 सीसीचं डिझेल इंजिन दोघींचं एकच. आमगाव, देवरी, सालेकसा रोडवर काळी-पिवळी सुमो धावत होत्या तोवर गोंदियात इंजिनाचा कुठलाही भाग दुपारपर्यंत हातात यायचा. पत्र्याचं तसं नाही. मागच्या दिव्याची काच फुटली, ती नागपूरच्या भंगारात शोधायला मला चौदा महिने लागले.

2001 साली आपण सगळे इथे राहायला आलो, त्याच वर्षी मी ही गाडी नागपुरातून सेकंडहँड घेतली. नंबर अजून एमएच-31 आहे. तेव्हा पैसे कमी होते म्हणून दुरुस्ती घरी सुरू केली, हे खरं कारण. नंतर मी लोकांना 'छंद' म्हणून सांगायला लागलो.

घरी करण्यासारखं पुष्कळ असतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या हवेवर अवलंबून आहे. आपलं गाव राईस मिलांचं. धान निघालं की दिवाळीपासून पुढे हवेत तुसाची बारीक धूळ असते. पुस्तकात एअर फिल्टर बदलायचे जे किलोमीटर दिलेले असतात ते गोंदियाला लागू नाहीत. मी त्या हंगामात दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून आतून बाहेर हवा मारतो. उलट, म्हणजे बाहेरून आत, मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. फिल्टर कोंदला की इंजिनाला हवा पुरत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि मागून काळा धूर निघतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी वाळत घातलेल्या चादरींवरून एकदा तक्रार केली होती. ती तक्रार रास्त होती. त्या वेळी फिल्टरबरोबर नोझलही गेले होते. ते माझ्या हातचं काम नव्हे, पंपवाल्याकडे मशीनवर प्रेशर तपासून घ्यावे लागतात.

उन्हाळ्याचं दुखणं रेडिएटरचं. पहिली तीन वर्षं मी सोसायटीच्या बोअरचं पाणी घातलं. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर चढतो हे घरोघरी माहीत आहे, पण तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत चढेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मे महिन्यात तिरोडा रोडवर काटा लालमध्ये गेला. तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. तास गेला तर जाऊ द्या.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी येतं. फिल्टरच्या तळाला छोटा स्क्रू असतो, तो सैल करून आधी पाणी सोडून द्यायचं. टाकी रिकामी होईपर्यंत चालवली की लाईनमध्ये हवा शिरते, मिस्त्री म्हणतात 'एअर ले लिया'. मग वरचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, फेस थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू कसायचा. हे काम मी आपल्या सोसायटीतल्या दोन मुलींना शिकवलं आहे आणि त्या माझ्यापेक्षा लवकर करतात. थंडीत सकाळी गाडी उठत नसेल तर चार हीटर प्लगांपैकी एखादा गेलेला असतो. प्लगांना जोडणारी पट्टी काढायची, एका बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला लावायची. बल्ब लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर तो बदला. मिस्त्री कधीकधी चारही बदलून देतो, त्याला बल्ब हे उत्तर आहे.

उंदरांविषयी बोलत नाही, वेळ कमी आहे. गावाकडून तांदळाचे कट्टे मागे टाकून आणायचे आणि सांडलेले दाणे तसेच ठेवायचे, म्हणजे उंदरांना आमंत्रणच. वायरिंगचे साडेतीन हजार गेले, एवढंच सांगतो.

आता जे सांगायला मी खरं म्हणजे उभा राहिलो ते सांगतो. समितीला मी हे आधी सांगितलेलं नाही.

2009 च्या दिवाळीच्या सुटीत मी सोसायटीतल्या मुलांना नवेगावबांधला तलाव आणि पक्षी दाखवायला घेऊन गेलो होतो. आठवत असेल बऱ्याच जणांना. पुढे मी आणि आमची सौ., मागे चार मुलं, डबे, एक दुर्बीण. त्याच्या आदल्या रविवारी मी गाडीचा अल्टरनेटर उतरवला होता. कार्बन झिजले होते, चार्जिंग होत नव्हतं. इलेक्ट्रिशियनकडून ते बदलून आणले आणि घरी मीच परत बसवला. या गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. पेट्रोलच्या गाडीला व्हॅक्यूम इंजिनातून आपोआप मिळतो, डिझेलला तो वेगळा तयार करावा लागतो. त्या पंपापासून ब्रेकच्या बूस्टरपर्यंत एक रबरी पाईप जातो. तो मी दाबून बसवला, क्लिप सरकवली, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि तेवढ्यात बँकेतून फोन आला. कॅशमध्ये फरक निघाला होता आणि रविवारी ती मंडळी ताळा करत बसली होती. मी वर गेलो, तासभर बोललो, खाली येऊन बॉनेट लावलं. गाडी सुरू केली, चार्जिंग झकास. क्लिप कसायची राहिली ती राहिलीच.

गोरेगाव मागे टाकून कोहमाऱ्याकडे जाताना पाईप निघाला. निघाला त्या क्षणी काहीच कळलं नाही, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट. बूस्टरमध्ये थोडा व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यावर पहिला ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसराही बराचसा लागला. तिसऱ्या वेळी समोर गुरं आडवी आली, रस्त्याला उतार होता आणि पायाखाली पेडल नव्हतं, दगड होता. असा ब्रेक पूर्ण गेलेला नसतो, तो लागतो, पण कितीतरी पट जोर लावावा लागतो. माणूस घाबरून पाय काढतो आणि परत मारतो, तिथे घात होतो. मी शहाणपणाने नाही, भीतीने दोन्ही पाय पेडलवर रोवले, गिअर खाली टाकला आणि हँडब्रेक ओढला. शेवटच्या गाईच्या पोटापासून गाडी हातभर अंतरावर थांबली. मागे मुलं हसत होती. त्यांना वाटलं काकांनी गंमत केली.

मी उतरून बॉनेट उघडलं, पाईप लोंबत होता. खिशातल्या नाण्याने क्लिप कसली. सौ.ने मागे मुलांकडे एकदा पाहिलं आणि मला एवढंच विचारलं, "हे तुम्हीच बसवलं होतं ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर नवेगावबांधपर्यंत ती बोलली नाही. परतल्यावर मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "साहब, बाकी सब बराबर है। बस क्लिप कसा नहीं था।"

त्या चार मुलांपैकी दोघं आज इथे बसली आहेत. एकीच्या मांडीवर तिचं बाळ आहे. त्यांच्या आईवडिलांना मी सोळा वर्षांत हे सांगितलं नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला, मग विषयच निघाला नाही. आज माइक हातात आहे म्हणून सांगतो. मी तुमची मुलं न तपासलेल्या गाडीत बसवून नेली होती. माझं चुकलं.

मला जास्त लागलं ते दुसऱ्याच कारणाने. बँकेत जो व्हाउचर लिहितो तो पास करत नाही. करणारा एक आणि तपासणारा दुसरा. हा नियम मी नव्या कारकुनांना शिकवला, तो मोडणाऱ्यांना मेमो दिले. आणि घरच्या पार्किंगमध्ये मीच लिहीत होतो, मीच पास करत होतो. घरच्या दुरुस्तीत दुसरी सही नसते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गॅरेजमध्ये निदान उस्ताद पोराच्या कामावरून एकदा हात फिरवतो.

म्हणून तेव्हापासून वही आहे. तारीख, किलोमीटर, काय काढलं, काय बसवलं आणि शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याची सही. पहिली अकरा वर्षं ही सही आपल्या पहिल्या मजल्यावरच्या रेल्वेवाल्या काकांची होती. आयुष्यभर इंजिनं फिट करून दिलेला माणूस, नॅरोगेजच्या काळापासूनचा. ते स्वतः पाना हातात घ्यायचे नाहीत. खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक नट बोटाने दाखवायला लावायचे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी एकदा डोकं घातलं तेव्हा त्यांनी मला अशा शब्दांत बाहेर काढलं की ते शब्द स्मरणिकेत छापता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनतरी जाड लाकडी ठोकळे आणले. ते अजून जिन्याखाली आहेत, कृपया कोणी होळीला नेऊ नयेत. काका 2020 साली गेले. वहीत दोन महिने एकही नोंद नाही.

ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम आता मी घरी करत नाही. ऑईल, फिल्टर, बॅटरी, प्लग, बेल्टचा ताण, एवढं माझं. कुठलंही काम झालं की गाडी आधी रिकामी, बालाघाट रोडपर्यंत आणि परत. ब्रेक सलग चार वेळा दाबून पाहायचा, एकदा नाही. चार वेळा का, ते तुम्हाला आता कळलं असेल. जळकं ऑईल नालीत न सोडता डब्यात भरून गॅरेजला देतो आणि फरशीवर थेंब पडले तर तूस पसरून ठेवतो, दुसऱ्या दिवशी झाडून घेतो. समितीने याची नोंद घ्यावी.

आता हे सगळं परवडतं का? बँकवाल्याला हा प्रश्न विचारतातच. नाही परवडत. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी. फी पूर्वी सहाशे होती, एप्रिल 2022 पासून पाच हजार झाली आणि गेल्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. पर्यावरण कर वेगळा, नवी नंबरप्लेट वेगळी. जुन्या डिझेलचा धूर नव्या गाडीपेक्षा जास्त, त्यामुळे सरकारशी माझं भांडण नाही. माझ्या वहीची बेरीज मी सौ.ला कधी दाखवलेली नाही, तिनेही मागितलेली नाही. गेल्या डिसेंबरात मी दहा हजार भरले आणि नोंदणी 2030 पर्यंत झाली. तोवर गाडी पस्तीस वर्षांची होईल आणि मी एकोणऐंशीचा. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री मी चालवत नाही. वर्षातून एकदा डॉक्टर सांगतील तसं. ही तपासणीही मीच केलेली चालणार नाही.

वहीतली सही सध्या बी विंगमधली आमची एक मुलगी करते, बारावीला आहे. आता ती परीक्षेत अडकली आहे, त्यामुळे मार्चपर्यंत जागा रिकामी आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता बॅटरीचं पाणी आणि फॅनबेल्ट बघायचा आहे. ज्याला यायचं त्याने जुने कपडे घालून यावं. चहा आमच्याकडे. मुलांचे समोसे गार होताहेत, मी थांबतो.