पोरींचा बँड आणि आपण

(ब्राउनश्वाइगमधल्या मराठी कुटुंबांच्या यंदाच्या गुढीपाडवा स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर लगेच भाषण ठेवणाऱ्या आपल्या कार्यकारिणीच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. ज्यांना पेंग येईल त्यांनी खुशाल डोळे मिटावेत. माझा विषय गाण्याचाच आहे, डोळे मिटूनही समजेल.

विषय आहे 'पोरींचे बँड', म्हणजे ज्यांना गर्ल ग्रुप म्हणतात ते. हा विषय कळल्यावर एका काकांनी मला विचारलं, "म्हणजे त्या उड्या मारत गातात, त्याच ना?" हो काका, त्याच. पण उड्या मारत सुरात गाणं दिसतं तितकं सोपं नाही. तीन जिने धावत चढा आणि मग एखादी नांदी म्हणून बघा!

मुलींचा बँड म्हणजे चार दिवसांची मौज, असा सर्वसाधारण समज आहे. एकेक गट घेतला तर तो खराही आहे. तीन-चार वर्षं धूम, मग भांडण, लग्न, बाळंतपण किंवा 'मी आता एकटी गाणार'. पण गट मोडले तरी गटाची कल्पना काही मोडलेली नाही. साठ-पासष्ट वर्षं झाली, एक गट उतरतो आणि दुसरा त्या जागी उभा राहतो. असं का होतं, ते आज बघू या. शेवटी माझी एक मागणीही आहे. ती आत्ता सांगत नाही, नाहीतर तुम्ही आतापासूनच 'बघू, बघू' म्हणायला लागाल.

सुरुवात अमेरिकेतून करते. न्यू जर्सीतल्या पासेइक गावात चार शाळकरी मैत्रिणी शाळेच्या गुणदर्शनाच्या कार्यक्रमात गात. वर्गातल्या एका मुलीच्या आईची, फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग यांची, छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती. मुलीने आईकडे हट्ट धरला आणि त्यातून 'द शिरेल्स' हा गट पुढे आला. जानेवारी १९६१ मध्ये त्यांचं 'विल यू लव्ह मी टुमॉरो' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्या गाण्याला चाल लावणारी कॅरोल किंग तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. आज गोड वाटणारं हे प्रेम उद्या सकाळी शिल्लक असेल का, असा सरळ प्रश्न त्या गाण्यातली मुलगी विचारते. १९६१ साली मुलींनी असा प्रश्न जाहीरपणे विचारायची पद्धत नव्हती.

आता प्रभाव म्हणजे काय ते बघा. इथून रेल्वेने सुमारे दोन तासांवरच्या हॅम्बुर्गमध्ये १९६० ते ६२ या काळात लिव्हरपूलची काही पोरं रात्र रात्र गात होती. तेच आपले बीटल्स. १९६३ साली त्यांची पहिली लाँग-प्ले तबकडी आली. तिच्यातली दोन गाणी शिरेल्सची होती आणि एक 'द कुकीज' या मुलींच्याच गटाचं. ज्यांच्यामागे जगभरच्या मुली वेड्या झाल्या, ती मुलं स्वतः मुलींच्या गटांची गाणी घोकून तयार झाली होती!

मग आल्या डेट्रॉइटच्या 'द सुप्रीम्स'. सरकारी वसाहतीत वाढलेल्या तीन मुली. १९६४ ते १९६९ या काळात त्यांची बारा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मोटाउन कंपनीत त्यांना चालायचं कसं, बसायचं कसं, बोलायचं कसं याचेसुद्धा वर्ग होते. एकीकडे समान हक्कांसाठी रस्त्यावर लढा चालू होता, आणि दुसरीकडे रविवारी रात्री एड सलिव्हनच्या कार्यक्रमातून या तिघी गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात सन्मानाने प्रवेश करत होत्या. त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या एखाद्या काळ्या मुलीला काय वाटलं असेल, याची कल्पना परदेशात राहणाऱ्या आपल्याला करता यावी. आपल्यासारखं कुणी पडद्यावर दिसलं की आपणही खुर्चीत सरसावून बसतोच की.

जर्मनीचीही यात मोठी कामगिरी आहे. म्युनिकच्या 'सिल्व्हर कन्व्हेन्शन'चं 'फ्लाय, रॉबिन, फ्लाय' १९७५ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. अख्ख्या गाण्यात मिळून शब्द फक्त सहा! जर्मन शिकताना आपल्याला असं पुस्तक मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. असो.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या टीव्हीवर 'पॉपस्टार्स' नावाचा कार्यक्रम आला. मुलींची निवड करायची, त्यांना तयार करायचं आणि हे सगळं प्रेक्षकांसमोर. त्यातून 'ट्रूब्लिस' हा पाच जणींचा गट निघाला. हाच साचा २००० साली जर्मनीत आला आणि 'नो एंजल्स' जन्मल्या. त्याही पाच. २००१ च्या सुरुवातीला त्यांचं 'डेलाइट इन युअर आइज' जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांत पहिलं आलं. पाच जणींत एक लुसी दियाकोव्स्का, बल्गेरियातून आलेली. दुसरी नादिया बेनाइसा, वडील मोरोक्कोचे. इथल्या शाळेच्या वर्गात जशी सरमिसळ असते, तशीच ती मंचावर दिसली. गट २००३ च्या अखेरीस थांबला, २००७ मध्ये पुन्हा जमला, आणि २०२१ मध्ये चौघींनी परत येऊन जुनी गाणी नव्याने गायली. पाचवी, वानेसा पेट्रुओ, मेंदूविज्ञानाकडे वळली आणि तिने डॉक्टरेट मिळवली. हे वाक्य मी खास इथल्या आईबाबांसाठी राखून ठेवलं होतं!

तोच साचा २००२ साली चॅनल व्हीने आपल्या देशात आणला आणि 'व्हिवा' हा गट तयार झाला. त्याही पाचच: प्रतिची मोहापात्रा, नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, सीमा रामचंदानी आणि महुआ कामत. आपल्यापैकी कितीजणी तेव्हा कॉलेजात होत्या, हात वर करा बघू! व्हिवा काही वर्षांतच पांगला. पण त्यातल्या नेहा भसीनचा आवाज पुढे 'सुलतान'मध्ये घराघरात गेला. म्हणजे बघा, न्यूझीलंड, जर्मनी, भारत, तीन खंडांत एकच साचा आणि तिन्हीकडे मुली वेड्या. साचा बाजाराचा होता, यात शंका नाही. पण नुसत्या बाजाराने मुली वेड्या होत नाहीत. बाजार रोज शंभर गोष्टी विकायला काढतो आणि त्यातल्या नव्वद पडून राहतात.

माझं उत्तर असं. एकटी गायिका मंचावर उभी राहते तेव्हा बघणारी मुलगी म्हणते, 'मला हिच्यासारखं व्हायचंय'. पाच जणी उभ्या राहतात तेव्हा ती म्हणते, 'यांच्यात माझी जागा कुठली?' पहिल्या वाक्यात आदर आहे, अंतरही आहे. दुसऱ्या वाक्यात ती मंचावर चढलेलीच असते. स्पाइस गर्ल्सचं 'वॉनाबी' १९९६ मध्ये आलं, तेव्हा शाळाशाळांतून मुलींनी 'मी ही, तू ती' अशा वाटण्या करून घेतल्या. एक धीट, एक खेळाडू, एक लाजरी. कुणीच उरत नाही. आणि संगीतातही तेच आहे. वरचा सूर एकीचा, खालचा दुसरीचा, मधला तिसरीचा. मधला सूर एकट्याने ऐकला तर बेचव लागतो, पण काढून टाकला तर गाणं पोकळ होतं. मधल्या सुराच्या मुलींना मान देणारी जागा जगात फार कमी ठिकाणी असते.

आता दुसरी बाजू. या गटांची मालकी कुणाची? सिल्व्हर कन्व्हेन्शनमध्ये गाणाऱ्या बायका, पण गटाचं नाव पडलं ते संगीतकार सिल्व्हेस्टर लेव्हाय यांच्या टोपणनावावरून. सुप्रीम्सचं नाव १९६७ मध्ये बदलून 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं. त्याच वर्षी गटाच्या संस्थापकांपैकी फ्लॉरेन्स बॅलार्ड बाहेर पडली, आणि १९७६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हलाखीतून जेमतेम सावरत असताना गेली. इंग्लंडमधल्या 'शुगाबेब्ज'ची तऱ्हा आणखी निराळी. १९९८ मध्ये तिघींनी सुरू केलेल्या गटात २००९ पर्यंत मूळची एकही उरली नाही, तरी नाव चालूच! त्या मूळच्या तिघींना पुन्हा एकत्र आल्यावर स्वतःचंच नाव वापरता येईना. ते त्यांना मिळायला २०१९ साल उजाडलं. उलट उदाहरणंही आहेत. कोरियाच्या 'ब्लॅकपिंक'मधल्या चौघींनी २०२३ च्या अखेरीस गटाचा करार जुन्या कंपनीकडे ठेवला, पण आपापलं एकेकटीचं काम स्वतःच्या हातात घेतलं. हवा थोडी बदलते आहे.

'हे सगळं धंद्याचं, यात संस्कृती कुठे?' असं कुणी म्हणेल. मी त्यांना आपल्या आइनट्राख्ट ब्राउनश्वाइगची आठवण करून देते. १९७३ मध्ये शेजारच्या वोल्फेनब्युटेलच्या येगरमायस्टरचं हरिण छातीवर लावून बुंडेसलीगात उतरणारा हा पहिला संघ. फुटबॉल महासंघ नाराज झाला होता. आज बिनजाहिरातीचा शर्ट शोधून सापडत नाही. पण गोल अजून खेळाडूलाच मारावा लागतो, हरिण मारत नाही! मुलींच्या बँडचंही तसंच. शर्ट कंपनीचा असेल, सूर त्यांचाच असतो.

आणि मंडळी, हा प्रकार आपल्याला नवा आहे का? श्रावणातल्या मंगळवारी रात्रभर जागून झिम्मा, फुगडी, पिंगा खेळणाऱ्या आपल्या आज्या काय करत होत्या? दम लागेपर्यंत उड्या मारत गातच होत्या ना! सासरचा उद्धार करायची मुभा होती ती त्या गाण्यांतच. आज पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे गट आहेत. एकसारखी नऊवारी, स्वतःच्या गटाला स्वतः दिलेलं नाव, श्रावणाच्या तारखा आधीच भरलेल्या, मानधन ठरवून घेतलेलं. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शिक्षिका. हा गर्ल ग्रुप नाही तर काय?

त्याहून जुनं उदाहरण संगीतबारीचं. पुण्याचं आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब इथे लावणी सादर करणाऱ्या पार्ट्या बायकांच्या नावाने ओळखल्या जातात. मालकीण बाई, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, आणि तबला-पेटीवाले पुरुष तिच्या पार्टीत. त्या जगात जातीचं, गरिबीचं आणि लोकांच्या नजरेचं ओझं फार मोठं आहे, ते मी झाकत नाही. पण पाटीवर नाव कुणाचं, हा प्रश्न त्या बायकांनी शुगाबेब्जच्या कितीतरी आधी सोडवला होता.

आता मागणी.

आपल्या कार्यक्रमांत दुसरी-तिसरीतल्या मुली पुढच्या रांगेत नाचतात. सगळे मोबाइल वर होतात. त्याच मुली आठवीत गेल्या की कुठे असतात? एक तर मागे प्लेट्स लावताना दिसतात, नाहीतर दिसतच नाहीत. 'गृहपाठ आहे' म्हणून घरी. आपण म्हणतो, मुलांना मराठीची गोडी राहिली नाही. मला वाटतं, त्यांना आपल्या मंचावर त्यांची जागा दिसत नाही. लहानपणी आपण बसवलेला नाच, मोठेपणी आपण निवडलेलं गाणं. मधल्या वयाला काहीच नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुलींनी गणपतीच्या कार्यक्रमात आठ मिनिटं मागितली आहेत. त्यात एक माझी आहे, म्हणून मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगते. दोघी आपल्याच ओळखीच्या घरातल्या आणि चौथी त्यांच्या वर्गातली, तुर्की घरातली. एक कोरियन गाणं, एक जर्मन, आणि मध्ये स्वतः रचलेला झिम्मा. झिम्म्याचे शब्द मराठीत आहेत. व्याकरण कच्चं आहे, पण ताल पक्का आहे. त्यावर आपल्यात कुजबुज झाली, तीही मी ऐकली. 'गणपतीत कोरियन कशाला?' 'कपडे कसले असतील?' 'चौथी मुलगी आपली नाही.'

कोरियनचं उत्तर असं की आपल्या लहानपणी गणपतीच्या मांडवात कुठली कुठली हिंदी गाणी वाजायची, ते आठवून बघा. बाप्पाने तक्रार केल्याचं मला तरी आठवत नाही. कपड्यांचं त्यांच्या आयांशी बोलता येईल, त्यासाठी समिती नको. आणि चौथ्या मुलीचं म्हणाल तर, ती गेले तीन महिने दर शनिवारी आमच्या घरी येऊन झिम्म्याचे मराठी शब्द पाठ करते आहे. तिला 'आपली नाही' म्हणायचं असेल तर ते तिच्यासमोर, मराठीत म्हणावं. तिला आता समजतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आठ मिनिटं द्यावीत, ती सगळ्यात शेवटी, लोक कोट घालत असताना नव्हे, तर मध्यावर. गाणी त्यांनी निवडावीत. गटाचं नाव त्यांनी ठेवलंय, ते पत्रिकेत तसंच छापावं, 'मंडळातील मुलींचे नृत्य' असं नको. आपण मोठ्यांनी माईक आणि वायरी बघाव्यात. तेही काम मानाचंच आहे.

हा गट दहावीनंतर मोडेल, हे मी आजच सांगून ठेवते. गट मोडतातच. पण पुढच्या रांगेत बसलेली एखादी दुसरीतली मुलगी त्या चौघींकडे बघत आपली जागा शोधत असेल. तिच्यासाठी ही आठ मिनिटं मला हवी आहेत.

आता चहा घ्या, आणि हो म्हणायचं असेल त्यांनी चहाआधीच म्हणा!