गवंडीकामाचे शिक्षण



उचगाव हे कोल्हापूर शहरास लागून असलेले गाव. शहर वाढते तशी घरे उठतात आणि शाळा सोडलेला मुलगा घमेले उचलू लागतो. शिक्षणावाचून तो जन्मभर घमेल्यापाशीच राहतो. ओळंबा, पाणसळ व गुण्या शिकलेला मात्र गवंडी होतो. पाया आखताना गवंडी दोरीवर ३, ४ व ५ फूट मापून काटकोन साधतो; हा भूमितीतलाच सिद्धांत होय. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उमेदवारीस करार व विद्यावेतन यांचा आधार दिला. त्यासाठी किमान वय १४ वर्षे असून धोक्याच्या उद्योगांत आता १८ आहे. तोवर शिक्षकाने मुलास शाळेत टिकवावे आणि काटकोन त्याच्या हाती दोरी देऊन शिकवावा.